मामा चपला राखत बसला होता

माझा दादा म्हणजे मामाची दुसरी प्रत होता. तीच उंची, तेच जाड पाळ्यांचे कान, हसताना तसंच मान मागं टाकणं, आणि राग आला की आधी नाकाचा शेंडा लाल होणं. तिसगावच्या बाजारात दादा पाठमोरा दिसला की मामाच्या गावची माणसं त्याला मामा समजून हाक मारायची, आणि दादा खुशाल ओ द्यायचा. आईला या गोष्टीचा केवढा तोरा! "सगळा माझ्या बापावर गेलाय, माझ्या भावावर गेलाय," असं ती येईल त्याला सांगायची. वडील चिडायचे. "मग मी काय नुसत्या भाकरी थापल्या व्हय?" असं म्हणायचे आणि सगळं घर हसायचं. वडील लवकर गेले, शेतातल्या मोटारीचा शॉक लागून. त्यानंतर दादानंच मला शिकवलं, नगरला नोकरीला लावलं, लग्न लावून दिलं. आम्ही दोघंच भावंडं. तो माझ्याहून बराच मोठा, त्यामुळं अर्धा भाऊ आणि अर्धा बाप.

मी नोंदणी कार्यालयात कारकून होते आणि नगरच्याच सावेडी भागात राहायचे. दिवसभर माझ्या टेबलासमोर भावकी भांडायची. खरेदीखतं, वाटण्या, आणि दिवाळीच्या आधी हटकून येणाऱ्या बहिणींच्या रांगा. भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायला आलेल्या. माझ्या आईनंही असाच अंगठा उठवून आपल्या बापाच्या जमिनीतला वाटा मामाला सोडलेला. आपल्याकडं वारसा म्हटलं की बापाकडून मुलाकडं, मुलाकडून त्याच्या मुलाकडं असाच जातो, हे मला पाठ होतं. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्या टेबलाशी एक दिवस बसून पाहावं!

दादाचं नगरशेजारी केडगावला पुणे रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. आई त्याच्याजवळच असायची. नव्वदचं दशक निम्मं सरलं तेव्हा दादा पन्नाशी ओलांडत होता आणि त्याची कंबर दुखायला लागली. ट्रॅक्टरखाली आयुष्य काढलेल्या माणसाची कंबर दुखणारच, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. तेल झालं, शेक झाला, हाडवैद्य झाला. मग लघवीला त्रास सुरू झाला आणि तोही त्यानं लपवला, कारण असल्या गोष्टी आमच्या घरात बोलायची पद्धतच नव्हती. वहिनीनं एक दिवस मला फोन करून सांगितलं, तेही "त्यांना बाथरूममध्ये लई वेळ लागतो" एवढंच. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दादाला ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते, नगरलाच लहानाचे मोठे झालेले. त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. मूत्राशयाच्या खाली पुरुषांना आवळ्याएवढी एक गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात तिला. तिचा कॅन्सर आहे आणि तो हाडांपर्यंत गेलाय. आजार मुळातून काढण्याची वेळ टळली होती, पण तो रोखून धरता येईल, असं ते म्हणाले. मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "या वयात हा आजार एवढा पुढं गेलेला सहसा दिसत नाही. घराण्यात आणखी कुणाला होता का?"

दादानं आणि मी एकमेकांकडं पाहिलं आणि एका सुरात म्हणालो, "नाही." वडील शॉकनं गेले. आजोबा म्हातारपणी ताप येऊन गेले. चुलते ठणठणीत.

"तरीपण घराण्यातल्या पुरुषांना एकदा तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. "रक्ताची तपासणी आहे, नमुना पुण्याला पाठवतो. आणि मी हातानं तपासेन. लवकर सापडला तर हा आजार बरा होतो, हे ध्यानात ठेवा."

घराण्यातले पुरुष! हा निरोप गावाकडं थोरल्या चुलत्यांकडं गेला आणि त्यांनी तो असा काही उचलून धरला, की वरात काढायची असती तरी एवढी धावपळ झाली नसती. त्यांनी टेम्पो ठरवला. सख्खे, चुलत, चुलतचुलत, ज्यांचं आडनाव आमचं ते सगळे टेम्पोत. बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे त्या दिवशी मांडीला मांडी लावून नगरला आले. धुतलेली धोतरं, कडक टोप्या, कपाळाला गंध. दवाखान्यातली नर्स भांबावली. तिला वाटलं कुणा पुढाऱ्याला ॲडमिट केलंय.

मामाही त्याच टेम्पोतून आला होता. त्याचं गाव वाटेवर. भाच्याला भेटायला फुकटचं वाहन मिळालं म्हणून चढला. भावकी एकेक करून आत जायला लागली आणि मामा बाहेरच्या बाकावर बसला, सगळ्यांच्या चपला आणि भाकरीची गाठोडी राखत.

पहिला चुलता तपासून बाहेर आला तो तोंड कसनुसं करून. बाकीच्यांनी त्याला घेरलं. "काय करत्यात रं आत?"

"काय न्हाई, लई सोपं हाय. जा की बिनघोर," असं म्हणून तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टर कुठून बोट घालून तपासतात ते त्यानं सांगितलं नाही. पुढचा जो बाहेर यायचा तोही त्याच्यापुढच्याला हेच सांगायचा. आपण फसलो तर दुसऱ्यानंही फसावं, भावकीचा हा नियम दवाखान्यातसुद्धा मोडला नाही. मामा बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

मी त्याला गमतीनं म्हणाले, "मामा, तू पण जाऊन ये की आत."

"मी? मी पाव्हना हाय बाई. ह्यांच्या भावकीशी माझा काय संबंध? तुझ्या बापाच्या घरचं दुखनं, तुझ्या बापाच्या घरच्यांनी बघावं. मी आपला चपला राखतो." आणि त्यानं मान मागं टाकून पुन्हा हसायला सुरुवात केली.

सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले. थोरल्या चुलत्यांनी पेढे वाटले. "आपलं रगत चोख हाय," असं ते पारावर बसून सांगायला लागले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजार रोखून धरण्यासाठी एक ऑपरेशन करायचं होतं, त्यासाठी दादाला दवाखान्यात ठेवलं त्या दिवशी दुपारी मी आणि आई डबा घेऊन गेलो. खोलीच्या दारात आई एकदम थांबली. मी तिच्या पाठीवर आदळलेच. दादा आमच्याकडं पाठ करून खाटेच्या कडेला बसला होता. दोन्ही मुठी कमरेत खुपसलेल्या, कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलेलं, आणि एक पाय पुढं ताणून धरलेला.

"अगं माय," आई म्हणाली. "ह्यो तर माझा बाप बसलाय."

 डबा खाली ठेवून मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. तोच बाक, जिथं मामा चपला राखत बसला होता. तिथं बसून आईनं मला जे सांगितलं ते त्याआधी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा बाप शेवटच्या वर्षी गोठ्यातल्या मेढीच्या खांबाला कपाळ टेकवून असाच बसायचा, मुठी कमरेत घालून. रात्रंदिवस. कुणी वात म्हणालं, कुणी करणी म्हणालं. शेवटी लघवी कोंडली आणि तो ओरडत गेला. आई तेव्हा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मामा एवढासा, त्याला बापाचा चेहराही नीट आठवत नाही. "अन् ह्यो," आईनं खोलीकडं बोट केलं, "ह्यो तवा पोटात हुता."

"मग डॉक्टरनं विचारलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला कुनी इचारलं? घरान्याचं इचारलं. मी काय तुमच्या घरान्यातली व्हय?"

 

मी आईला तशीच उठवून डॉक्टरांपुढं नेलं. त्यांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी आईकडच्यांचं विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "पुरुषांचा आजार म्हणून मीही बापाच्याच बाजूनं बघत बसलो."

आईला ते पटेना. "डॉक्टरसाहेब, बाईला ते आवळ्यागत असतंय का?"

"नाही, आजी."

"मग माझ्यातनं कसं गेलं?"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. आम्हा दोघींना त्यांनी त्या दुपारी जे समजावलं त्यानं मी आजही थक्क होते. ते म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाचे कान तुमच्या भावासारखे आहेत, उंची तुमच्या वडिलांसारखी आहे. ती त्याला कुणी दिली? तुम्हीच ना? तुम्ही स्वतः तर एवढ्याशा आहात." आई चार फूट काही इंच. ती पदर तोंडाला लावून हसली. "प्रत्येकाच्या अंगातल्या कणाकणात शरीर कसं घडवायचं त्याचा मजकूर असतो. निम्मा आईकडून, निम्मा बापाकडून. पिढ्यान्‌पिढ्या तो उतरवून घेतला जातो आणि कुठंतरी एखादं अक्षर बदलतं. तुमच्या वडिलांकडं असा एखादा बदल असावा. तो तुमच्यात आला. तुम्हाला ती गाठच नाही, म्हणून तो तिथं काही करू शकला नाही. पण तुम्ही तो जपला आणि पुढं दिला."

नेमका कोणता बदल, ते आज आपल्याकडं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. बाहेरच्या देशांत शोधताहेत. आणि असा बदल असला म्हणजे प्रत्येक लेकराकडं जातोच असं नाही, गेला तरी आजार होतोच असं नाही. जोखीम वाढते, एवढंच.

आई बराच वेळ आपल्या पोटाकडं पाहत बसली. त्या पोटातून काय काय इकडचं तिकडं गेलं! माहेरचं नाव तिनं टाकलं, देव बदलले, जमिनीवर अंगठा देऊन मोकळी झाली. पण बापाच्या हाडामांसातलं एक अक्षर ती मुकाट्यानं सासरी घेऊन आली, तिला न विचारता आणि कुणालाही न कळता. माझ्या ऑफिसात त्याची हक्कसोड होत नव्हती. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला आधी वाटलं ते नवल. एवढीशी बाई, आणि तिच्यात होऊन गेलेली माणसं, जिवंत माणसं, अजून न जन्मलेली माणसं सगळी दाटीवाटीनं बसलेली. आणि आम्ही खुळे! नाक मामाचं, कान मामाचे, हसणं मामाचं, आणि दुखणं तेवढं भावकीत शोधत फिरलो.

आई एकदम ताठ झाली. "मंग माझा भाऊ?"

"त्यांना तर सगळ्यात आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

मला तो बाक आठवला. भावकीचं चोख रक्त एकेक करून आत जात होतं, आणि ज्याला आत न्यायचं तो बाहेर त्यांच्या चपला राखत होता.

मामाला सांगितलं तर तो ऐकतोय थोडाच! "मला काय धाड भरलीया? जवारीचं पोतं पाठीवर घेऊन मारुतीच्या देवळाला फेरी मारून दाखवू का?" मी समजावलं, दादानं निरोप धाडला, वहिनीनं हात जोडले. शेवटी तो चिडला. नाकाचा शेंडा लाल झाला. "ती सगळी भावकी मी बघितलीया भिंतीला टेकून हुबी ऱ्हायलेली. माझ्या अंगाला कोन हात लावायचा न्हाई!" ज्या माणसाला काही दुखत नाही त्याला दवाखान्यात नेणं म्हणजे बैलाला जिना चढवण्यासारखं. आम्ही हरलो.  आई मात्र दिवाळीची वाट पाहत होती.

भाऊबीजेला मामा कधी चुकला नाही. त्या वर्षीही आला, केडगावला, दादाच्या घरी. दादाचं ऑपरेशन झालेलं. हाडांचं दुखणं बरंच उतरलं होतं, तो खुर्चीत टेकून बसला होता. वहिनीनं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. मामा टोपी सारखी करून पाटावर बसला. आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन पेटवलं, ताट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"वोवाळ की," मामा म्हणाला.

"आधी वोवाळणी कबूल कर."

"अगं आनलीया," असं म्हणत मामानं पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. "बघ तरी. बाजारात दुसरं न्हाई असलं."

"लुगडं नको मला."

"मंग काय, पैसं पायजेत?"

"रगत दे."

 मामानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"बादलीभर न्हाई मागत," आई म्हणाली. "एक नळीभर दे. अन् तो डॉक्टर जसं तपासंल तसं तपासू दे. एवढी जमीन मी तुला सोडली, कवा कायतरी मागितलं का? आज मागते. न्हाई दिलंस तर ऊठ तसाच पाटावरनं, बिनवोवाळलेला."

भाऊबीजेच्या पाटावरून न ओवाळता उठायचं! मामा उठेल कसा आणि बसेल कसा? तो एकदा उठायला लागला, पुन्हा बसला. "भरल्या दिवशी हे काय काढलंस अक्का," असं पुटपुटला. आईच्या हातातल्या ताटात निरांजन जळत होतं. पण ती ताट काही फिरवेना.

तेव्हा दादा बोलला. हळू बोलला, त्याला जोरात बोलवत नव्हतं. "मामा, दे ना. मी बी दिलं असतं. माझ्या येळेला मागनारं कोन न्हवतं."

मामानं त्याच्याकडं पाहिलं. दोघांचे ते सारखे कान, तीच हनुवटी. मामाचं तोंड वाकडं झालं आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. "दिलं," तो म्हणाला. "दिलं बाई. वोवाळ आता."

आईनं ओवाळलं. ओवाळताना तीही रडत होती आणि मला दटावत होती, "तू का रडतीस गं, शुभाच्या दिवशी?"

मामाच्या रक्ताच्या तपासणीतला आकडा वाढलेला निघाला. मग त्या गाठीचा सुईनं तुकडा काढून तपासला. होता. आजार होता, पण त्या आवळ्याच्या आतच होता, बाहेर कुठं गेलेला नव्हता. मामाला काडीचंही दुखत नव्हतं, आणि तरी आजार तिथं दबून बसला होता. पुण्याला ऑपरेशन झालं. महिन्याभरातच मामा शेतात हिंडायला लागला आणि भेटेल त्या पुरुषाला दटावायला लागला, "आईकडचं इचार! आधी आईकडचं इचार!"

दादा त्यानंतर आणखी दोन दिवाळ्या पाहून गेला. औषधानं जेवढं रोखता आलं तेवढं रोखलं. मामा वाचला याचा त्याला मनापासून आनंद होता. शेवटी शेवटी आई त्याच्या उशाशी बसून विचारायची, "माझ्यामुळं रे तुला हे?" तो म्हणायचा, "गप ए. हे कान बी तुझ्यामुळंच हायेत." आणि त्या जाड पाळ्या चिमटीत धरून हलवून दाखवायचा.

तो गेला त्या वर्षीची भाऊबीज आली. घरात सण नव्हता. पण मी संध्याकाळी लेकाला घेऊन केडगावला गेले. भाऊ नसलेली बाई चंद्राला ओवाळते, तेवढं तरी करावं म्हणून ताट घेऊन अंगणात उभी राहिले. माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते नीट सांगता येणार नाही. एकुलता एक भाऊ होता, आणि आता मी आभाळाकडं बघत होते.

मामा आईला भेटायला आला होता. तो पायरीवरून उठला, आतून पाट आणला, अंगणात माझ्यासमोर मांडला आणि त्यावर बसला.

"मामा, हे काय? भाचीनं मामाला भाऊबीज ओवाळायची रीत नाही."

"नसंना," मामा म्हणाला.

आई दारातून म्हणाली, "वोवाळ गं. तुझा भाऊ कुठनं आलता? तिथनंच आलाय की ह्यो."

मी खाली पाहिलं. अंधारात चेहरा नीट दिसत नव्हता, पण निरांजनाच्या उजेडात ते कान दिसत होते. दादाचे जाड पाळ्यांचे कान. तेच रुंद खांदे. ज्या वारशानं माझा भाऊ नेला त्यानंच तो असा माझ्यासमोर आणून बसवला होता. दुखणं आणि कान, दोन्ही गोष्टी दादाकडं एकाच पोटातून आल्या होत्या, माझ्या आईच्या. आणि माझ्यातूनही त्या कदाचित पुढं गेल्या असतील, आत झोपलेल्या माझ्या लेकाकडं. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. 

"काय देऊ वोवाळणी?" मामानं विचारलं. "रगत तर कवाच देऊन बसलोय."

"काही नको," मी म्हणाले. "थोडा वेळ बसून राहा नुसता."

मामा बसून राहिला. निरांजन विझलं तरी उठला नाही.